वहिनींचा हात किती नाजूक!

हलव्याचे दागिने करणं अजिबात अवघड नाही. तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा घ्यायचा, मंद आचेवर त्यावर थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटं भाजून घेत तासन्‌तास हलवत बसायचं. हवेत गारठा असला की काटा सुरेख फुटतो. मग एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारायची. (हल्ली पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवूनही दागिने करतात. त्या विषयावर मी चारचौघांत बोलत नाही.) तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळाचा मुकुट नि बासरी, सगळं मी आईकडून शिकलो. बँकेतून निवृत्त झाल्यावर डिसेंबर त्यातच जातो, आणि फार सुखात जातो.

अवघड असतं ते हे दागिने घेऊन संक्रांतीच्या आधी महिला मंडळाच्या प्रदर्शनात टेबलामागे बसणं.

शेजारी बायको असते, शब्दकोडं सोडवत. तिला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. पण येणारी प्रत्येक बाई माझ्या डोक्यावरून तिच्याशीच बोलते. "अय्या, वहिनी, किती नाजूक हात हो तुमचा!" बायको प्रामाणिकपणे सांगते, "अहो, मी नाही, हे करतात सगळं." बाई माझ्याकडे बघते, माझ्या बोटांकडे बघते आणि म्हणते, "काहीतरीच तुमचं! किती तो नवऱ्याला मोठेपणा द्यायचा!" यानंतर बायकोचा विनय त्यांच्या कौतुकाचा दुसरा विषय होतो. मी पिशव्या भरतो.

"केवढ्याला हा सेट?"

मी किंमत सांगतो.

"बाई गं! साखरच तर आहे."

साखरेचा भाव सगळ्यांना पाठ असतो, गाठींचा कुणालाच नाही. त्यातून एखादी हुशार बाई विचारते, "भाड्याने देता का? सुनेचा पहिला सण आहे, पण एकदाच तर घालायचे. फोटो काढले की परत." परत आलेल्या हारात किती दाणे उरलेले असतील, हे बोरन्हाणाला एकदा जरी गेलेल्या माणसाला सांगायला नको. तिथे बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडत असतात, आणि बाळ शांतपणे स्वतःचा बाजूबंद चोखत असतं.

काळ्या साड्या नेसून मुलींचा घोळका येतो. एक तन्मणी घालते, दुसरी बिंदी लावते, तिसरी मला म्हणते, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." मी माझ्याच टेबलामागून बाजूला होतो. फोटो होतात, दागिने उतरतात, "थँक्यू वहिनी!" म्हणून घोळका पुढे सरकतो. मुंग्या बऱ्या. त्या निदान हात लावलेला माल नेतात.

खऱ्या गिऱ्हाइकाचा त्रास निराळा. एका सासूबाईंनी जावयासाठी हार निवडला, हातात तोलला नि आवाज खाली आणून विचारलं, "त्याला शुगर आहे हो. चालेल ना?" मी म्हटलं, "बाहेरून चालतो." त्यांनी उत्तर खरं आहे का, ते बायकोला विचारून घेतलं.

शेजारच्या टेबलावर गोधड्या होत्या. त्या ताई "पाचच मिनिटं लक्ष ठेवा हं, भाऊ" म्हणून चहाला गेल्या त्या जेवून आल्या. तेवढ्यात मी त्यांच्या दोन गोधड्या विकल्या. माझा माल खपत नसताना दुसऱ्याचा माझ्या हातून इतका सहज कसा खपतो, हे कोडं बायकोलाही सुटलं नाही. ताईंना इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्यांनी नातीच्या बोरन्हाणासाठी मुकुट घेतला. मग आम्हाला अवघडल्यासारखं झालं, म्हणून आम्ही गोधडी घेतली. समोर काळा मसाला विकणाऱ्या बाईंनी हे पाहिलं आणि त्याही सौजन्याने पुढे आल्या. संध्याकाळपर्यंत हॉलमधल्या प्रत्येकाने प्रत्येकाचं काहीतरी घेतलं होतं. पैसा दिवसभर गोल फिरला. ज्याच्याकडे जाऊन तो थांबला, असा एकच गडी होता, बाहेरचा वडापाववाला.

समारोपाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते उत्कृष्ट कलाकाराचा सत्कार होता. नाव पुकारलं गेलं, 'सौ.' लावून. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खुणेने 'जा' म्हटलं, कारण मागच्या रांगा टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या होत्या. शाल घेऊन ती माइकपाशी गेली. आता तरी खुलासा होईल म्हणून मी सदरा नीट केला.

"मी वेगळं काय सांगू?" ती म्हणाली. "सकाळपासून खरं तेच सांगतेय, कुणी ऐकत नाही. तेव्हा एवढंच म्हणते, यांनी घरात सहकार्य केलं नसतं, तर हे शक्यच नव्हतं."

हॉल गहिवरला. गोधडीवाल्या ताई मागे वळून मला म्हणाल्या, "नशीब लागतं हो असा नवरा मिळायला!" पुढच्या वर्षीचं टेबल मंडळाने तिथल्या तिथे तिच्या नावावर राखून ठेवलं. मला मदतनिसाचा पास मिळणार आहे.