भूगोलाचा पेपर आणि बाबांची पिशवी

मार्च महिन्यात पुण्यातलं मूल खोकतंच. पहाटेची थंडी जाता जात नाही, दुपारचं ऊन मात्र हक्काने येऊन बसतं, त्यात होळीचा धूर आणि कुठल्या ना कुठल्या रस्त्याची खोदाई. आमच्या ओजसचा खोकला शिवरात्र झाली की सुरू होतो आणि परीक्षा संपली की थांबतो. डॉक्टर त्याला 'सीझनल' म्हणतात, सासूबाई 'नाटकं' म्हणतात. २०२० सालापर्यंत या दोघांपलीकडे त्या खोकल्याची कुणी दखल घेतली नव्हती.

९ मार्चला, नेमक्या होळीच्या दिवशी, कोरोनाचे राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले, तेही पुण्यात. दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलमध्ये दाखल. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ही बातमी काळजीने सांगितली जात होती, पण मुंबईच्या आधी आपला नंबर लागला याचं किंचित समाधान काही ज्येष्ठांच्या आवाजात लपत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ओजस खोकला आणि पाचव्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. "या वयात चालायला हवं गं," एवढं मात्र सांगून गेल्या.

मग मी त्याला खोकला गिळायला शिकवू लागले. आठ वर्षांच्या मुलाला दारात आलेला खोकला परत पाठवता येत नाही. तो डोळे मोठे करतो, लाल होतो आणि मग साठवलेलं सगळं एकदम बाहेर काढतो. त्यातून तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा आणि मग सूचना सुरू व्हायच्या. "आई, सरकार खोकलं तर चालतं, मग मला का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या तोंडात थर्मामीटर खुपसलं. ते काढलं की बोलेल म्हणून जरा जास्त वेळ ठेवलं. ९८.८. म्हणजे ताप नाही. पण ९८.४ सुद्धा नाही. मधल्या पॉइंट चारचं काय करायचं? नवरा म्हणाला, "थर्मामीटर तूच हातात धरून बसली होतीस, तुझाच असेल." तो इंजिनियर आहे, त्याच्या बोलण्यात अशी वैज्ञानिक शक्यता नेहमी असते.

त्या वर्षी रंगपंचमी १३ तारखेला होती. वर्गाच्या आयांच्या ग्रुपवर रंगांवरून दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, मुलांना खाली सोडायचंच नाही. दुसरा म्हणत होता, रंग नैसर्गिक असले तर काय हरकत आहे? त्यावर एकीने लिहिलं, "रंग नैसर्गिक असतील, पण मुलं एकमेकांच्या तोंडात हात घालतात तेही नैसर्गिकच असतं." वाद रंगात आलेला असतानाच पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शाळा बंद करत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. ग्रुपवर एक क्षण शांतता पसरली आणि मग सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: दिवसभर?

पुढच्या आठवड्यात पहिली ते आठवीच्या परीक्षाही रद्द झाल्या. ओजस सोफ्यावर चढून नाचला. त्याच्या दुसरीच्या परीक्षेसाठी मी परिसर अभ्यास दोनदा वाचून काढला होता, ते कुणाच्या खात्यात जमा करायचं हे कुणी सांगितलं नाही.

पण घरातली खरी परीक्षा दहावीची होती. सईचे पेपर ३ मार्चला सुरू झाले होते आणि शाळा बंद झाल्या तरी तेवढे चालू राहणार होते. म्हणजे एका अपत्याला सोसायटीच्या गेटबाहेर सोडायचं नाही आणि दुसऱ्याला रोज शंभर खोकणाऱ्या मुलांबरोबर परीक्षा केंद्रावर पाठवायचं, दोन्ही एकाच काळजीने. मास्कचा प्रश्न नव्हता. दुचाकीवर डोळ्यांशिवाय काहीही न दिसू देण्याची कला पुण्यातल्या मुलींना उपजत असते. सईचा स्कार्फ सुटायलाच तीन मिनिटं लागायची. प्रश्न सॅनिटायझरचा होता. "आत्ताच संपलं" हे वाक्य मी कर्वे रोडच्या दोन्ही बाजूंना ऐकलं. शेवटी एका दुकानदाराने काउंटरखालून एक बाटली काढली आणि इतक्या हळू आवाजात किंमत सांगितली की मला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ती वाढलेली होती. काही दिवसांतच सरकारने २०० मिलिलिटरला शंभर रुपये ही मर्यादा घातली, तेव्हा आमच्या घरातली बाटली एकदम दागिन्यासारखी वाटायला लागली. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती चपलांच्या कपाटाला सुतळीने बांधून टाकली. सोसायटीने लिफ्टमध्ये बटणं दाबायला थर्माकोलमध्ये टूथपिक खोचून ठेवल्या होत्या, त्यावरची 'वापरलेली काडी पुन्हा खोचू नये' ही पाटीही बाबांच्याच अक्षरातली.

भूगोलाचा शेवटचा पेपर सोमवारी, २३ तारखेला होता. शनिवारी तो पुढे ढकलला. कधीपर्यंत, ते नंतर कळणार होतं. संपूर्ण महाराष्ट्रात दहावीची लाखो मुलं त्या चाळीस गुणांवर लटकली. सईला सुट्टी लागली म्हणावं तर परीक्षा संपली नव्हती, परीक्षा चालू आहे म्हणावं तर पेपर नव्हता. ती टीव्हीसमोर बसली की मी "भूगोल?" म्हणायचे आणि पुस्तक घेऊन बसली की नवरा "अगं, जगात काय चाललंय आणि तू ब्राझील काय वाचतेस!" म्हणायचा. दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील असतो. तिकडचं हवामान, लोकसंख्या, ॲमेझॉनचं खोरं, कॉफी असं सगळं आमच्या घरात त्या दिवसांत इतक्या वेळा म्हटलं गेलं की पोळ्या लाटताना सासूबाईही त्यातल्या चुका काढू लागल्या. १२ एप्रिलला तो पेपर रद्दच झाला आणि त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने मिळाले. मुलीला गुण मिळाले, ब्राझील आमच्याकडे पडून राहिला.

मुलांचं एक वेळ परवडलं. त्यांना दम देता येतो. बाबांचं काय करायचं? ते तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. साठीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये असं रोज टीव्हीवर सांगत होते आणि बाबा ते बूट घालता घालता ऐकत होते. त्यांची रोजची मंडई. कोथरूडला भाजी मिळत नाही असं नाही, पण बाबांच्या मते मंडईखेरीज मिळते ती पालेभाजी नव्हे, नुसता पाला. मी अडवलं की इतिहास सुरू व्हायचा. "पानशेत फुटलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. घरात पाणी होतं, तरी दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर." मी म्हटलं, "बाबा, पाणी दिसतं." "दोन हजार नऊचा स्वाइन फ्लू दिसत होता का? देशातला पहिला मृत्यू इथे पुण्यात झाला. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडूच्या बाहेर ही रांग. तेव्हा मला कुणी कोंडलं होतं का?" तेव्हा ते त्रेसष्टचे होते, हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. वय हा विषय काढला की ते जेवत नाहीत.

एकदा ते परत आले ते सगळ्या बाजूंनी फुगलेली पिशवी घेऊन. मी भाजी पोटॅशच्या पाण्यात बुडवायला म्हणून पिशवीकडे हात नेला, तर खालून पेढ्यांच्या पुड्यासारखं काहीतरी लागलं. बाबांना मधुमेह आहे. मी पिशवी उघडायला घेतली तशी ते शांतपणे म्हणाले, "प्लेगच्या वेळी रँडच्या सोजिरांनी अशाच घरोघर झडत्या घेतल्या होत्या." २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडचं काय झालं हे मलाही शाळेत शिकवलेलं आहे. मी पिशवी खाली ठेवली.

नवऱ्याने यात पडायला हवं होतं, पण तो हिंजवडीहून कायमचा घरी आला होता आणि जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून बसायचा. त्याला हाक मारली की तो हाताने 'थांब' करायचा आणि स्क्रीनकडे बघून इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करायचा. त्याची काळजी करण्याची पद्धत वेगळी आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर विषाणू राहतो असं कुणीतरी त्याला पाठवलं, तेव्हा तो सकाळी उठून पेपरला इस्त्री करायला लागला. लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, स्वतःच्या शर्टाला त्याने इस्त्रीचं टोक लावलेलं मी पाहिलेलं नाही. बाबा कडक इस्त्रीतला, अजून गरम असलेला पेपर उघडायचे आणि म्हणायचे, "बातम्या ताज्या आहेत आज."

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या दिवशी बाबा पहिल्यांदा घरी राहिले, तेही रस्त्यावर कुणी भेटणार नाही याची खात्री करून घेतल्यावर. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवायच्या होत्या. ओजस चारपासून चमचा घेऊन गॅलरीत उभा. सासूबाईंनी स्टीलच्या ताटांना हात लावू दिला नाही, पोचे पडतात म्हणून. माहेरची पितळी परात तर नावच काढायचं नाही. शेवटी मुलाच्या हातात जुनी ॲल्युमिनियमची पातेली आली आणि तिचा जो आवाज झाला त्याने समोरच्या इमारतीतलं तान्हं बाळ जागं झालं. त्या बाळाच्या आईने गॅलरीतून आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला चांगली ओळखीची होती. मीही लिफ्टमधल्या काकूंकडे तसंच बघितलं होतं.

मंगळवारी रात्री आठ वाजता देशभराच्या लॉकडाऊनची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मला देशाच्या आधी कामाच्या मावशी आठवल्या, मग चक्का. चक्का आणायचाच राहिला होता आणि खालच्या किराणा दुकानाबाहेर गर्दी उसळली होती. तेवढ्यात लक्षात आलं की बाबा घरात नाहीत. सासूबाईंनी देवासमोर हात जोडले, नवऱ्याने पहिल्यांदाच मीटिंगशिवाय हेडफोन काढले, मी चपला शोधू लागले. आणि बाबा लिफ्टमधून बाहेर आले. एका हातात साखरेच्या गाठी, दुसऱ्या हातात कडुलिंबाचा डहाळा, तोंडावर सईचा फुलाफुलांचा स्कार्फ. "सणाला गाठी नकोत?" एवढंच म्हणाले. रागवायचं तरी कसं? वर्षाचा सण, आणि गाठी तर खरंच लक्षात नव्हत्या.

त्या रात्री मला एक उपाय सुचला. ज्या दोघांची काळजी आहे त्यांना एकमेकांवर सोडायचं. बाबांना ओजसच्या हात धुण्यावर नेमलं आणि ओजसला दारावर. बाबांनी लगेच शिस्त लावली. वीस सेकंद मोजायला घड्याळ नको, पाढे म्हणायचे. ओजसचा बेचा पाढा भरधाव जायचा म्हणून बाबांनी त्याला बढती देऊन सातापर्यंत नेलं. सात सक्कं अडलं की मुलाचे हात दीड मिनिट धुतले जात. ओजसही दारापाशी प्लॅस्टिकची बॅट घेऊन बसायचा आणि आजोबांनी नुसता चष्मा शोधला तरी "कुठे चाललात?" विचारायचा. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला जमलं नाही ते याने केलं." पहिल्यांदाच मी दुपारी अंग टाकलं.

चार-पाच दिवसांनी ओजसच्या गालात काहीतरी फुगलेलं दिसलं.

"काय आहे तोंडात?"

"लिमलेटची गोळी."

"घरात लिमलेट कुठून आली?"

तो आजोबांच्या खोलीकडे बघायला लागला. खोलीतून बातम्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

"सांगायचं नाही असं ठरलंय," ओजस म्हणाला. "पण तू काळजी करू नकोस. मी सातचा पाढा पूर्ण म्हटला."

"हात धुताना?"

"हात नाही गं. गोळी धुतली. साबणाने."

आणि मग तो खोकला.