पुनर्बांधणी सुरू आहे, तिकीट काढून उभे राहा

फुटबॉलचा चाहता व्हायचं तर सगळ्यात आधी संघ निवडा, आणि निवडताना जिंकणारा संघ मुळीच घेऊ नका. जिंकणाऱ्याच्या मागे कुणीही उभं राहतं. धरमपेठेतला शेजारी लगेच म्हणेल, "जिंकून राहिले म्हणून पाहून राहिला बे." निष्ठा सिद्ध करायची तर संघ हरणारा हवा. नुसता हरणाराही चालत नाही. एकेकाळी फार जिंकलेला, आता हरणारा आणि दर उन्हाळ्यात "यंदा नाही, पण पुढच्या वर्षी बघा" असं सांगणारा हवा.

असा संघ नागपुरातच शोधू म्हणाल तर व्यावसायिक फुटबॉलात आपलं गाव नाही. महाराष्ट्राचा म्हणून पुण्याकडे वळाल तर तिथला पुणे सिटी क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत जन्मला आणि २०१९ मध्ये आटोपला. त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२२ मध्ये चषकही जिंकला आणि २०२५ मध्ये तो क्लब बिऱ्हाड गुंडाळून दिल्लीला गेला. एवढ्या बदल्या तर महसूल खात्यातल्या माणसाच्याही होत नाहीत. तरी पुणे सिटीचे चाहते राहण्यात एक सोय आहे हे मान्य करायला हवं: २०१९ पासून तो संघ एकही सामना हरलेला नाही.

पण आपल्याला मनस्ताप हवा आहे, तेव्हा थेट इंग्लंडमधला मँचेस्टर युनायटेड घ्या. तिथल्या लीगची वीस विजेतेपदं, त्यातलं शेवटचं २०१३ चं. त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले आणि पुनर्बांधणीला सुरुवात झाली. त्या वर्षी जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटायच्या बेतात आहे, आणि पुनर्बांधणी अजून पायाभरणीतच आहे. आपल्या सिमेंट रोडसारखंच: एक जण बांधून जातो, दुसरा येऊन पाइप टाकायला तोच खोदतो आणि तिसरा आधीच्या दोघांनी काय वाट लावली ते पत्रकार परिषदेत सांगतो. डेव्हिड मॉयसना सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. लुई व्हॅन खाल यांनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांची गच्छंती झाली. एरिक टेन हाग यांनी २०२४ च्या मे महिन्यात तोच कप जिंकला, जुलैत त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाही निरोप दिला. तिकडे चषक जिंकणं प्रकृतीला बरं नसतं. २०२५ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमने युनायटेडला १–० असं हरवलं, तर जिंकणाऱ्या प्रशिक्षकालाही त्यांच्या क्लबने पंधरवड्यानंतर काढून टाकलं. हरलेले प्रशिक्षक मात्र तेव्हा नोकरीवर कायम राहिले. हे सगळं पाठ करा. चहाच्या टपरीवर उपयोगी पडतं.

आता खरी गोष्ट. २०२४–२५ च्या मोसमात युनायटेड लीगमध्ये पंधराव्या क्रमांकावर राहिलं. ३८ पैकी १८ सामने हरले. १९७४ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतरची ही सगळ्यात वाईट कामगिरी. आणि त्याच आर्थिक वर्षात क्लबचं उत्पन्न तोवरचं सर्वाधिक झालं, ६६ कोटी पौंडांच्या वर. घरच्या मैदानावर सामन्याच्या दिवशी होणारी कमाईसुद्धा विक्रमी, १६ कोटी पौंडांची. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून देवघरात लावा. पंधरावा नंबर आणि विक्रमी गल्ला. आता मालकाच्या जागी स्वतःला ठेवून विचारा, की संघ सुधारायची घाई कोणाला असावी?

तुमच्या निष्ठेचं मोल कळतं ते इथे. चांगल्या खेळासाठी पैसे देणारा तो गिऱ्हाईक. वाईट खेळासाठी जास्त पैसे देणारा तो निष्ठावंत. गिऱ्हाईक माल बिघडला की दुकान बदलतो, म्हणून त्याला जपावं लागतं. निष्ठावंताला जपावं लागत नाही, तो कुठे जाणार? युनायटेडला हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. १९७४–७५ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि तरीही इंग्लंडमध्ये सगळ्यात जास्त प्रेक्षक त्यांच्याच मैदानावर येत होते. एवढा पुरावा हाती असल्यावर कोणता मालक झोप उडवून घेईल?

म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, मोसम अर्ध्यावर आलेला असताना, संघ तळाकडे सरकत असताना, क्लबने उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. आपले तेव्हाचे साधारण सात हजार रुपये. आधी मोठ्यांना ४० आणि लहान मुलांना २५ पौंडांपासून तिकीट मिळत होतं. लहान-मोठा भेद उरला नाही. दुःख सगळ्यांना सारखंच होतं, तर दर वेगळा कशाला? पुढच्या मोसमाची सीझन तिकिटंही पाच टक्क्यांनी वाढली. दरम्यान ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या मैदानाच्या, छतातून पावसाचं पाणी धबधब्यासारखं प्रेक्षकांवर पडताना साऱ्या जगाने पाहिलं. काटकसर म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद करून त्या जागी फळं ठेवणार, अशीही बातमी आली. नागपूरकर म्हणून क्षणभर ऊर भरून यायला हरकत नव्हती, पण ते फळ संत्रं असल्याचा उल्लेख कुठे सापडला नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये एक लाख आसनांच्या नव्या स्टेडियमचं चित्र प्रसिद्ध झालं. भलीमोठी छत्री, तिला तीन उंच मनोरे, खर्च दोन अब्ज पौंड. बचावफळीत जी भोकं आहेत ती तशीच राहतील, पण एकाच वेळी एक लाख माणसं ती बघू शकतील.

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. काही चाहत्यांना निष्ठा कशी करावी ते कळत नाही, त्यांच्या नादी लागू नका. लिव्हरपूलच्या मालकांनी २०१६ मध्ये सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं, तर हजारो लोक ऐन सामन्यात ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. संघ २–० ने पुढे होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन गोल खाऊन बरोबरीत आला. मालकांनी काही दिवसांतच माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. केवढा हा उर्मटपणा! तो लांबचा म्हणून सोडून द्यावा, तर कोचीतही तेच. केरळ ब्लास्टर्स तीन वेळा अंतिम सामना हरले, एकदाही जिंकले नाहीत, तरी पिवळे कपडे घालून स्टेडियम दणाणून सोडणारी ती मंजप्पडा ही त्यांच्या चाहत्यांची संघटना. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनीही जाहीर केलं की आता आम्ही तिकिटं विकणार नाही, आधी संघ नीट करा. आणि मँचेस्टरमध्ये तर काही जण २००५ मध्येच, नव्या मालकांनी क्लब विकत घ्यायला काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं म्हणून, उठून गेले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा छोटा क्लब काढला. सभासदांच्या मालकीचा. खालच्या लीगमध्ये खेळतो. असल्या लोकांना मालकाचं मन समजतच नाही.

तुम्ही असलं काही करू शकत नाही, कारण तुमचं तिकीटच नाही. नागपूरच्या चाहत्याची निष्ठा शुद्ध असते ती त्यामुळे. तुम्ही उठून गेलात तर फक्त सोफा रिकामा होतो, आणि बायकोला तर तेच हवं असतं. तुम्ही रुसलेलं कुणाला कळत नाही. मात्र क्लब प्रायोजकांना "आमचे जगभर इतके कोटी चाहते" असं सांगतो तेव्हा त्या कोटींत तुम्ही असता, आणि त्यासाठी तुम्हाला कसलीच तसदी घ्यावी लागत नाही. बर्डीवरून घेतलेली जर्सी घाला. ती धुतल्यावर बिल्ला जरा सरकतो, पण लांबून कळत नाही. हरल्यावर "ते हरले" म्हणू नका, "आपण हरलो" म्हणा. "आपण मिडफील्डमध्ये पळतच नाही ना" हे वाक्य, मेट्रो स्टेशनचा जिना चढताना मधे दोनदा थांबणाऱ्या माणसाच्या तोंडी फार शोभून दिसतं. मॅच रात्री दीडला सुरू होणार असेल तर ऑफिसात दुपारपासूनच डोळे चोळा. सकाळी तर्री पोह्याच्या गाडीवर कुणी काही विचारलं तर उत्तर देऊ नका, नुसता सुस्कारा सोडा आणि तर्री वाढवून घ्या.

एक गंमत सांगायची राहिली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकापासूनची पद्धत. मोठ्या क्लबांची मॅच घरबसल्या दिसली तर गावातल्या लहान क्लबाच्या मैदानावर कुत्रंही फिरकणार नाही, त्यांचं गेट बुडेल, ही त्यामागची काळजी. म्हणजे मँचेस्टरच्या माणसाला जी मॅच घरी दिसत नाही, ती तुम्हाला हिवाळ्यात रात्री साडेआठला, हातात चिवड्याची वाटी घेऊन दिसते. तिथल्या लहान क्लबांची काळजी तिथल्या लोकांनी घेतली. आपल्या शेजारच्या कामठीच्या मैदानाची काळजी घेणारा असा नियम कुणी केला नाही, आणि तो व्हावा असं तुम्ही तर बोलूच नका.

कारण गावातल्या संघाशी फार सलगी करणं निष्ठावंताला परवडत नाही. विदर्भाचंच घ्या. क्रिकेटच्या रणजी स्पर्धेत विदर्भ १९५७–५८ पासून खेळतो आहे. पहिला चषक मिळाला तो २०१७–१८ च्या मोसमात, इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. साठ वर्षांची पुनर्बांधणी, पण ना कुणी त्याचं बोधचिन्ह काढलं, ना दर वाढवले. वाढवणार तरी कसे? रणजीच्या सामन्याला सहसा तिकीटच नसतं. पुढच्याच मोसमात दुसरा चषक, आणि २०२५ मध्ये तिसरा, तोही इथे जामठ्याच्या स्टेडियमवर. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध दानिश मालेवारने १५३ केल्या, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर चषक घरी आला. याला काय अर्थ आहे? संघ आपला, मैदान आपलं, जिंकतोही. दुःख करायला जागाच नाही. त्याच जामठ्यावर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत भारत–इंग्लंड वनडे होती. तिच्यासाठी कसं, कुणाच्या साडूच्या ओळखीने पास मिळतो का म्हणून आठवडाभर फोन करता येतात. पास मिळाला नाही तर गावातल्या व्यवस्थेला शिव्या देता येतात. त्यात एक चाहतेपण आहे.

फुटबॉलचंही तसंच. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं दिसली आणि त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. पुढे ही पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोचली. इथली गोष्ट, इथल्या वस्त्या. त्यावर सिनेमा निघाला तेव्हा आपण मल्टिप्लेक्सचं तिकीट काढून, पॉपकॉर्न घेऊन, रुमालाने डोळे टिपत तो पाहिला. आता त्या पोरांची मॅचही जाऊन बघावी असं कुणी म्हणेल, तर त्याला सांगा की आम्ही तिकीट एकदा काढलं आहे.

तरीही कामठीचा एखादा मित्र रविवारी सकाळी फोन करणारच. कामठीत फुटबॉलचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं, त्याला रात्रीची युरोपातली मॅच वगैरे अडचणी कळत नाहीत. "भाऊ, चार वाजता मॅच आहे. येता का?" तुम्ही रात्री अडीचपर्यंत जागून पुन्हा एकदा हरलेले. आवाज खोल ठेवून विचारा, "तिकीट किती?" तो म्हणेल, "तिकीट कायचं, या अन् बसा." जरा ताणून धरा. फुकटच्या गोष्टीला इतक्या सहज हो म्हणायचं नसतं. विचारा की संघ कसा आहे, भविष्याचा काही आराखडा आहे का, पुनर्बांधणी कुठवर आली.

"पुनर्बांधणी कायची भाऊ? गोलकीपरची नाइट ड्युटी लागली, त्याच्या लहान्या भावाले उभा केला. तुम्ही येता का नाही, ते सांगा."