समुद्रतळाचे बुडबुडे आणि आपली घाई

समुद्राच्या तळातून बुडबुडे वर येतानाचा व्हिडिओ फिरायला लागला की त्याखाली हमखास एक शब्द दिसतो: 'मिथेन बॉम्ब'. म्हणजे हवा तापवणारा मिथेन वायू तळातून एकदम उसळून बाहेर पडेल, ही भीती. मला या शब्दाचा मनापासून राग येतो. धोका नाही असं मी म्हणत नाही. पण या शब्दाने उडवलेल्या धुरळ्यात खाली प्रत्यक्षात काय चाललंय तेच दिसेनासं होतं.

समुद्रबूड जमिनीवर नद्यांचा गाळ आणि मेलेल्या प्लवकांचा चिखल हजारो वर्षं थरावर थर साचत राहतो. काही सेंटिमीटर खालीच ऑक्सिजन संपतो. मग ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर श्वास घेणारे जिवाणू हा कुजका माल खातात, आणि सल्फेटही संपलं की आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. त्यांच्या जगण्यातून सुटणारा वायू म्हणजे हा मिथेन. कॅलिफोर्नियाच्या कोल ऑइल पॉइंटजवळ बाहेर पडतो तो निराळा. तो खोल खडकात उष्णतेने तयार झालेला, खनिज तेलाचा सोबती. सूक्ष्मजीवांच्या मिथेनमध्ये कार्बन-१३ हे जड समस्थानिक (कार्बनचाच जरा जड प्रकार) बरंच कमी असतं, त्यावरून तो ओळखू येतो.

आता मला सगळ्यात भारावून टाकणारा भाग. हा वायू वर झिरपताना पुन्हा सल्फेटच्या थराशी पोचतो आणि तिथे त्याला खाणारे टपलेलेच असतात. २००० साली सागरी संशोधक आन्ट्ये बोएटियस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्याजवळ, हायड्रेट रिज या समुद्रतळावरच्या उंचवट्याच्या गाळात त्यांचे पुंजके दाखवले: मधे आर्किया, भोवती सल्फेट वापरणारे जिवाणू. दोघं मिळून ऑक्सिजनशिवाय मिथेन संपवतात. वाढ इतकी संथ की एकाचे दोन व्हायला महिने लागतात. तरीही समुद्राच्या गाळात तयार होणारा बहुतेक मिथेन त्यांच्याच पोटात जातो. मागे जे बायकार्बोनेट उरतं त्याचा चुनखडक बनतो. डेन्मार्कजवळ काटेगाटच्या उथळ पाण्यात अशा दगडाचे खांब उभे आहेत, त्यांतून बुडबुडे येतात आणि त्यांच्यावर समुद्री जीवांची वस्ती आहे.

हे पुंजके पाण्यात विरघळलेलाच मिथेन खाऊ शकतात. भेगेतून वायू सरळ बुडबुड्याने सुटला तर तो त्यांच्या हाती लागत नाही. तिथून पुढे खोली ठरवते. शेकडो मीटर पाणी असेल तर बुडबुड्यातला जवळजवळ सगळा मिथेन वाटेतच विरघळतो. मोजक्या मीटरांवर तसं होत नाही, त्यातला काही थेट हवेत जातो. म्हणून मला काळजी वाटते ती उथळ पाझरांची. बातम्या मात्र खोल, बर्फाळ जागांच्याच येतात.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहाचं उदाहरण घ्या. तिथल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिमेला बुडबुड्यांचे अडीचशेहून जास्त झोत सापडल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. पाणी तापतंय, हायड्रेट (थंडी आणि दाबाखाली मिथेन अडकवून ठेवणारे बर्फासारखे घट्ट गोळे) वितळताहेत, असा अर्थ लगेच लावला गेला. २०१४ मध्ये तिथल्या चुनखडकांच्या वयावरून कळलं की पाझर किमान ३,००० वर्षं चालू आहे. २०१८ मध्ये तळात खोदून पाहिल्यावर आणखी एक कारण पुढे आलं: हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर समुद्रतळच वर उचलला गेला, दाब घटला आणि हायड्रेट सुटले. म्हणजे तापमानवाढ खोटी ठरली का? मुळीच नाही. तळाचं पाणी थंड असताना तिथला पाझर मंदावतो हेही नंतर मोजलं गेलंय. एका फेरीत दिसलेला झोत कालचा की हजारो वर्षांचा, हे त्या एका फेरीतून कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि आपण पाहिलंय तरी किती? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केप हॅटरस ते जॉर्जेस बँक या पट्ट्यात सोनारने (पाण्यात ध्वनिलहरी सोडून) सुमारे ५७० पाझर सापडल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं, ५० मीटरपासून १,७०० मीटर खोलीपर्यंतचे. त्याआधी तिथे इतके असतील असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं.

म्हणून पैसा आणि जहाजं उथळ पाण्याकडे वळावीत, एकाच जागी वेगवेगळ्या ऋतूंत आणि भरती-ओहोटीला मोजणी व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. पाझराची बातमी वाचताना मी आता आधी तीनच गोष्टी शोधतो: किती खोलीवर, मिथेन कुठल्या प्रकारचा, आणि तिथे पुन्हा कोणी गेलं होतं का.