“म्हाताऱ्या माणसाला तीनच गोष्टी लागतात” : त्या मेसेजला माझं उत्तर

आठ दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, भाऊबंदांच्या, दहावीच्या बॅचच्या, सोसायटीच्या आणि कानबाईच्या सणाच्या रोटांचं ठरवायला बनवलेल्या. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. “म्हाताऱ्या माणसाला तीनच गोष्टी लागतात, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, स्वच्छ गादी. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, त्यांना विचारत बसू नका, तुम्हीच ठरवा. पडून हाड मोडण्यापेक्षा पलंगाला बांधलेलं बरं. आजोबांच्या काळी वृद्धाश्रम नव्हते कारण संस्कार होते. आणि हे मन जपा वगैरे पैसेवाल्यांचे चोचले आहेत.” खाली जोडलेले हात आणि प्रत्येक ग्रुपला पाठवा म्हणून विनंती.

पाठवणारे आपलेच लोक आहेत, वाईट नाहीत, पण यातलं एकेक वाक्य मी माझ्या मोठ्या मायच्या अंगावर लागू झालेलं बघितलंय म्हणून गप्प बसवत नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, अमळनेरकडच्या खेड्यातली, जन्मभर शेतात आणि गोठ्यात राबलेली. मोठे बाबा गेल्यावर मुलगा तिला सुरतला घेऊन गेला, लिंबायतला चौथ्या मजल्यावर खोली, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघं कामाला. खाली उतरलं की अर्धं लिंबायत आपलंच खान्देशी आहे हो, अहिराणी बोलणारं, पण तिला जिनाच उतरता येत नव्हता, म्हणजे सगळी आपली माणसं चार मजले खाली आणि ही वर टीव्हीसमोर. तिथेच मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मग सगळ्यांनी बसून ठरवलं की जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं, मी जळगावात आहे तर एक दिवसाआड जाईन. सगळ्यांनी म्हणजे तिला सोडून सगळ्यांनी. तिला गाडीत बसल्यावर सांगितलं. त्या ठरवण्यात मी पण होते आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तीन गोष्टींचं बघू. त्या वृद्धाश्रमात तिन्ही होत्या, खरंच होत्या. जेवण वेळेवर, गोळी वेळेवर, चादर रोज बदललेली. तीन महिन्यांत मोठी माय अर्धी झाली. का, तर कवळी हरवेल म्हणून स्टाफने काढून कपाटात ठेवलेली, त्यामुळे जेवणात रोज पातळ खिचडी, ती पण संध्याकाळी साडेपाचला कारण स्वयंपाकीण सहाला जाते. जन्मभर रात्री आठला कळणाची भाकर आणि ठेचा खाणारी बाई साडेपाचला खिचडी कशी खाणार, ताट तसंच परत जायचं आणि रजिस्टरमध्ये ‘जेवण दिले’ अशी बरोबरची खूण. दिले आणि जेवली यात फरक आहे ना, पण तो लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. चष्म्याचंही तसंच, उशाखाली असेल तर माणसं दिसणार, कपाटात असेल तर सगळं धूसर, आणि धूसर दिसणारा माणूस बोलायचं हळूहळू बंदच करतो.

आणि कायद्याचं म्हणाल तर तोही तीन गोष्टींवर थांबत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा जो कायदा आहे, त्यातल्या चरितार्थाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आहेतच, पण कलम 4 मध्ये असंही आहे की मुलांची जबाबदारी ज्येष्ठाला सामान्य जीवन जगता येईल इथपर्यंत आहे. सामान्य जीवन. त्यात गावचा माणूस भेटणं आलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्याची गाणी कानावर पडणं आलं, हाताला काहीतरी काम असणं पण आलं.

कामावरून सांगते. आम्ही पुढे तिला दुसऱ्या ठिकाणी हलवलं, तिथेही पहिले काही दिवस “आजी तुम्ही बसा, आराम करा” हेच. मग एकदा तिथल्या स्वयंपाकाच्या मावशीने सहज मेथीची जुडी तिच्या पुढ्यात ठेवली आणि मोठ्या मायने ती निवडली, दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितली, उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या तर खाली खुर्चीत बसून “उलथा आता” म्हणून ओरडत होती. भूक वाढली. हे काही फक्त आमच्याच घरचं नाही. 1976 साली अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका नर्सिंग होममध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोघींनी प्रयोग केला होता, एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तुम्ही ठरवा आणि हे रोप तुमचं, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्याला तेच रोप दिलं पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत आणि आनंदात राहिली. माणसं थोडीच होती त्यात, सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण मेथीची जुडी बघितल्यापासून मला त्या रोपाचं पटतं.

दुसरं बालपण. हे वाक्य सगळ्यांना गोड वाटतं म्हणूनच जास्त त्रास देतं. लेकराला अनुभव नसतो म्हणून त्याच्या वतीने आपण ठरवतो, 79 वर्षांच्या बाईकडे तर अनुभवाशिवाय दुसरं काही उरलेलंच नसतं. तिने दुष्काळ काढलेत, तिघा नणंदांची लग्नं लावलीत, कपाशीचा हिशोब तोंडी ठेवलाय, आणि बावीस वर्षांची पोरगी तिला “सोनू, आ कर” म्हणते. पोरगी प्रेमानेच म्हणते, मी तिला दोष देत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला टॉम किटवूड म्हणून एक अभ्यासक होते, स्मृतिभ्रंशाच्या लोकांच्या काळजीवर त्यांनी काम केलं, त्यांनी अशा वागण्यांची यादीच केली होती, मोठ्या माणसाला लहान मुलासारखं वागवणं, तो समोर असताना त्याच्या डोक्यावरून आपसात बोलणं, त्याला झेपणार नाही इतकी घाई करणं. आणि त्यांनी हेही सांगितलं की हे करणारे बहुतेक लोक दुष्ट नसतात, त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

आंघोळीचं सांगितलंच पाहिजे. पहिल्या ठिकाणी सकाळी पाचला आंघोळ, आणि घालायला कधी कधी पुरुष वॉर्डबॉय. मोठी माय ओरडायची, हात झटकायची, आणि मला सांगण्यात आलं की आजी चिडक्या आहेत. जिने नवऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही तिला अनोळखी माणूस उघडं करतो आणि चिडकी ती! दुसऱ्या ठिकाणी बाईच आंघोळ घालायची, अंगावर जुनं लुगडं पांघरून, आणि पाणी टाकायच्या आधी “टाकू का माय?” विचारून. ओरडणं आठवड्यात बंद. खुब्यामुळे गाऊन घालणं भाग होतं, तिला अजिबात नको होता, तर गाऊनवरून लुगड्याचा तुकडा पदरासारखा घ्यायचा हे तिनेच सुचवलं. विचारलं म्हणून सुचवलं.

डोकं साथ देत नसेल तर कसं विचारायचं, असं कुणी म्हणेल. मोठे निर्णय नाही विचारता येणार कदाचित, पण दोन लुगडी समोर धरून “हिरवं का लाल” हे विचारता येतं, बोट दाखवता येतं. आणि तिच्या भाषेत विचारायचं. चोपड्याकडचा एक पोरगा तिथे लागला, त्याने आल्या आल्या “जेवण व्हयनं का माय?” म्हटलं आणि त्या दिवशी तिने त्याच्या हातून दोन घास जास्त खाल्ले.

आता ते बांधण्याचं. हे वाक्य धोकादायक आहे आणि लोक ते डॉक्टरी सल्ला असल्यासारखं पाठवताहेत. पहिल्या ठिकाणी मी एकदा न सांगता सकाळी लवकर गेले तर तिचं मनगट कापडी पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधलेलं होतं, पट्टीखालची कातडी लाल. रात्री उठते, पडेल, म्हणून. आता बघा, बांधलेल्या माणसाचे स्नायू आठवड्यांत कमजोर होतात, म्हणजे सोडल्यावर पडायची शक्यता वाढते. एकाच कुशीवर राहिलं की माकडहाडापाशी, टाचेला जखमा होतात, ज्याला हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते ती त्यासाठीच. आणि सुटायच्या धडपडीत पट्टी गळ्यापाशी अडकून माणसं गेलेली आहेत. अमेरिकेने 1987 साली कायदा करून नर्सिंग होममध्ये शिस्तीसाठी किंवा स्टाफच्या सोयीसाठी माणसाला बांधायला बंदी घातली, औषधाने गुंगवून ठेवणं पण त्याच बंदीत.

खरा प्रश्न होता की ती रात्री का उठते. लघवीला उठते! कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं तर लघवी वाढवणारी बीपीची गोळी तिला संध्याकाळी दिली जात होती, त्यांनी ती सकाळी केली. दुसऱ्या ठिकाणी पलंग खाली घेतला, मोरीपर्यंत झिरो बल्ब लावला, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली, गुळगुळीत स्लिपर बदलली, रात्री अकराला आणि पहाटे चारला मावशी स्वतःहून उठवून न्यायची. एवढं केल्यावर बांधायचं कारणच उरलं नाही. कधीच पडणार नाही असं नाही, एकदा घसरली पण, गुडघा खरचटला, मला फोन आला आणि मी म्हटलं चालेल, पण बांधू नका.

गुंगीच्या गोळ्यांबद्दल पण सावध राहा. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना शांत ठेवायला मानसिक आजारावरची जी औषधं देतात त्याने मृत्यूचा धोका वाढतो अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली काढली. कधी कधी द्यावी लागतात, ते डॉक्टर ठरवतील, पण “शांत राहते” हे कारण पुरेसं नाही. आणि आपल्याकडे कुणी अचानक बडबडायला लागलं की म्हातारचळ लागला म्हणून मोकळे होतात. एकदोन दिवसांत अचानक झालेला गोंधळ बऱ्याचदा लघवीच्या इन्फेक्शनचा असतो, पाणी कमी पडल्याचा असतो, पोट साफ नसल्याचा असतो, नवीन गोळीचा असतो. आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत माणूस पाणी मागायचं विसरला तर दुसरं काय होणार. लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.

एक संध्याकाळ मोठी माय सारखी “माले घर जानं शे” म्हणत होती. आधी मी समजावत बसायचे की माय, घर आता बंद आहे, आणि ती रडायची. चोपड्याच्या पोराने विचारलं, “घर कोण शे?” तर म्हणाली म्हैस दोहायची राहिली. मग अर्धा तास म्हशीच्याच गप्पा, नाव काय, दूध किती, मारकी होती का. झोपली शांत, गोळीशिवाय.

आजोबांच्या काळी वृद्धाश्रम नव्हते म्हणे. होते की, पुण्यातलं निवारा 1863 पासून आहे. कमी होते हे खरं, पण 1951 च्या सुमाराला भारतात सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, त्यात लहानपणी दगावणारी मुलं धरलेली आहेत हे मान्य, तरी ऐंशीच्या पुढे अंथरुणाला खिळून वर्षं काढणारी माणसं तेव्हा आजच्याइतकी नव्हती. आणि जी होती त्यांचं कोण करायचं? सून. तिला पण कुणी विचारलं नाही. आमच्या आजीचं सगळं मोठ्या मायनेच केलं, चार वर्षं, शेतातून येऊन, आणि तिच्या वाट्याला काय आलं ते वर लिहिलंय. कायद्यात कलम 24 ची शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण ती ज्येष्ठाला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून जाणाऱ्याला आहे. तिला विचारून ठेवलं, जातोय, फोन करतोय, पैसे भरतोय, सणाला घरी आणतोय, हे टाकणं नाही. उलट घराच्या मागच्या खोलीत ठेवून दिवसभर कुणी डोकावत नाही, त्याला वृद्धाश्रमाची पाटी नसते एवढंच. कुणाकडे असं चालू असेल तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर आहे, फुकट आहे, आणि चरितार्थासाठी प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

राहिले पैसेवाल्यांचे चोचले. कवळी तोंडात ठेवायला पैसे लागत नाहीत. झिरो बल्बला, बशीतून चहा द्यायला, विचारून पाणी टाकायला लागत नाहीत. हात मात्र लागतात, आणि तिथे पैसा लागतो हे मी मान्य करते. पहिल्या ठिकाणी रात्री चौतीस माणसांमागे दोन मावश्या होत्या, बारा तासांची ड्युटी, त्यांनी बांधलं नसतं तर काय केलं असतं हे मला त्यांनाच विचारावं लागलं आणि त्या रडल्या. म्हणून आता ठिकाण बघायला जाणाऱ्याला मी सांगते, टाईल्स आणि बाग नंतर बघा, आधी रात्री किती जण ड्युटीवर असतात ते विचारा, मावशांना पगार किती आणि सुट्टी कधी ते विचारा, आणि संध्याकाळी सातला न सांगता जा.

मोठ्या मायच्या पलंगाशी आम्ही एक कागद चिकटवला होता, अजून माझ्याकडे आहे. माय म्हणा, आजी नको. उजव्या कुशीवर झोपते. चहा बशीत, साखर जास्त मागेल, अर्धा चमचा द्या. कवळी रात्री काढायची, सकाळी चहाच्या आधी लावायची. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. सकाळी रेडिओवर जळगाव स्टेशन लावा. घर जायचं म्हणाली तर म्हशीचं विचारा.