आजोबांचं कार्टून

घरातलं कुणी ‘कम्प्युटरमध्ये’ असलं की त्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो, रेल्वेचं तत्काळ तिकीट काढता येतं आणि कुणाच्याही फोनमधले गेलेले फोटो परत आणता येतात, अशी आमच्या घराण्याची ठाम श्रद्धा आहे. मी एका कंपनीत पगारपत्रकं करते. पण हे ऐकतंय कोण?

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात झालं आणि चुलतभावाने त्याचा व्हिडिओ काढला. त्यानंतर आत्याच्या डोक्यात आलं की याचं कार्टून व्हायला हवं. “मध्यंतरी सगळ्यांनी आपापले फोटो जपानी कार्टूनसारखे करून घेतले होते ना, तसं. फक्त हलतं कर. बटण दाबलं की होतं म्हणे.” हे ‘म्हणे’वाले लोक मला एकदा भेटायचे आहेत.

फोटो एक असतो. फोनच्या व्हिडिओत सेकंदाला तीस असतात. म्हणजे आजोबांनी नुसता आ करून पेढा खाल्ला तरी दोन-तीनशे फोटो होतात. त्या प्रत्येकाचं कार्टून करताना बिचाऱ्या यंत्राला आधीच्या फोटोत आपण काय केलं याचा पत्ता नसतो. आमच्या ऑफिसात पूर्वी असेच एक साहेब होते.

सुरुवात फुकटच्या फिल्टरने केली. त्याचं डोकं सरळ चालतं. रंगांच्या शंभर छटा असतील तर चार-पाच सपाट ठेवायच्या, आणि जिथे उजेडाशेजारी एकदम काळोख लागेल तिथे काळी रेघ ओढायची. चष्म्याची काडी, कानाची पाळी, इथवर छान. पण नाक कुठलं आणि सुरकुती कुठली हे त्याला कळत नाही. रेघेला जागा दिसली की ओढ. आजोबांचं वय त्या फिल्टरने शंभर-सव्वाशेपर्यंत नेलं. अक्षता टाकल्या तो प्रसंग तर मी एकटीने बघितला ते बरं झालं. दाण्यादाण्याला काळी किनार लागली होती आणि सगळे नातेवाईक हसत हसत म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर मधमाश्यांचं मोहोळ सोडताना दिसत होते.

आत्याची पैठणी हा वेगळाच छळ. जरीच्या काठावर दर क्षणाला उजेड नव्या जागी चमकतो, त्यामुळे या फ्रेममधली (म्हणजे व्हिडिओतल्या एका फोटोतली) रेघ पुढच्या फ्रेममध्ये गायब आणि भलतीकडेच तिसरी हजर. ॲनिमेशनवाल्यांच्या भाषेत ही रेघ ‘बॉइल’ होते. आत्याच्या पैठणीला पदरापासून काठापर्यंत उकळी फुटली होती.

यावर इलाज असतो. रेघा काढण्याआधी चित्र गुळगुळीत करून घ्यायचं, बारीकसारीक पोत पुसायचा आणि मोठ्या कडा तेवढ्या राखायच्या. तोही केला. अक्षता बसल्या, पैठणी गार झाली, आजोबांच्या सुरकुत्या गेल्या. मात्र त्यांची पांढरी विरळ मिशीही बारीकसारीक पोतातच जमा झाली आणि पुसली गेली. इकडे आत्याच्या नथीची सावली चांगली ठळक होती, तिला झकास काळी रेघ मिळाली, बरोब्बर ओठाच्या वर. घरातल्या मिश्यांचा ताळेबंद जुळत होता, पण तो कुणाला दाखवण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात न्यू जर्सीच्या आतेभावाने रात्री फोन करून नवी युक्ती सांगितली. (त्याला आपल्याकडची रात्रच सोयीची पडते.) एकच फ्रेम हाताने छान रंगवायची आणि एका सॉफ्टवेअरला द्यायची. कुठला ठिपका कुठे सरकला याचा माग काढत ते तोच रंग पुढच्या फ्रेमवर चढवत जातं. मी आजोबांचा चेहरा मिशीसकट मन लावून रंगवला. सुरुवातीला इतकं सुंदर चाललं की मी आईला हाक मारली. आई आली तेव्हा आत्या औक्षण करत होती. निरांजनाचं तबक आजोबांच्या तोंडासमोरून डावीकडून उजवीकडे गेलं आणि मागावर असलेलं सॉफ्टवेअर चकलं. त्याने मिशी तबकाला चिकटवली. तबकाबरोबर मिशी निघाली, एक गोल फेरी मारून आली आणि आजोबांच्या कपाळावर थांबली. आई म्हणाली, “छान आहे, पण हे जरा वेगळं वाटतंय का गं?”

शेवटी उरला हात. व्हिडिओवरून माणूस गिरवायचा हा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशरने १९१५ साली अशा गिरवण्याच्या यंत्राच्या, रोटोस्कोपच्या, पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१७ मध्ये ते त्याला मिळालं. त्याने भावाला, डेव्हला, विदूषकाचे कपडे चढवून त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम काचेवर पाडून गिरवत बसला. त्यातून कोको नावाचा विदूषक जन्माला आला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ही १९१५ सालचीच. त्यांनी आगकाड्या सरकवून चित्रपट केला, नातेवाइकांच्या वाटेला गेले नाहीत. याला म्हणतात द्रष्टेपण. अलीकडे, २०१७ मध्ये, ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या चित्रपटासाठी शंभराहून जास्त चित्रकारांनी सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगात रंगवल्या. आमच्याकडे चित्रकार एक, आणि तिला एलिमेंटरीच्या परीक्षेत सी ग्रेड.

म्हणून मी दहाच सेकंदं निवडली. कार्टूनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेमना चालवतात, म्हणजे सेकंदाला चोवीसऐवजी बारा चित्रांत भागतं. तरी दहा सेकंदांची १२० झाली. गंमत म्हणजे बारावर आणल्याबरोबर हालचालीला तो खास कार्टूनचा ठसका आला. इतके दिवस जे फिल्टरला जमलं नव्हतं, ते अर्ध्याहून जास्त फ्रेम फेकून दिल्यावर जमलं.

मी गिरवतेय ही बातमी घरात पसरली आणि भेटी सुरू झाल्या. काकूला दंड बारीक हवे होते. आत्याला पैठणी मोरपंखी हवी होती. त्या दिवशी नेसलेली ‘तशी जुनीच’ होती. आजीने मागणी केली दोन जास्तीच्या बांगड्यांची. दोन बांगड्या म्हणजे १२० चित्रांत २४० बांगड्या, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग चार कर. एवढं करतेच आहेस तर.”

खरा प्रश्न होता काकांचा. ते आजोबांच्या मागे उभे होते, बारीक निळ्या चौकटीच्या शर्टात. उभे होते म्हणायचं एवढंच. दहा सेकंदांत ते दोनदा वळले, एकदा खिसे चाचपले आणि कुणाला तरी “अरे पंखा, पंखा” अशी खूण केली. ते हलले की शर्टाची प्रत्येक चौकट हलणार, चुणीत शिरणार, पलीकडून वाकडी निघणार. एका शर्टात चौकटी किती असतात हे मी मोजायला घेतलं आणि खिशापर्यंत पोचून सोडून दिलं. कार्टूनमध्ये जे हलत नाही ते एकदाच काढतात आणि हलणारी माणसं त्याच्यावर ठेवतात. हा नियम आठवला आणि मी काकांच्या जागी एक कपाट काढलं. तपकिरी, दोन दारांचं, कडी लावलेलं. एकदा काढलं, १२० वेळा वापरलं.

एकच अडचण राहिली. शेवटी आजोबांना पेढा भरवतात तो हात काकांचा. तो घालवला असता तर पेढा अधांतरी आला असता, म्हणून हात ठेवला.

गणपतीत सगळे जमले तेव्हा टीव्हीवर लावलं. आजोबा मिशीसकट हसले, तबक फिरलं, बांगड्या चमकल्या, कपाटातून एक हात बाहेर आला, पेढा भरवून परत आत गेला. टाळ्या पडल्या. “पुन्हा लाव.” दुसऱ्या वेळी व्हिडिओ कॉलवरून आतेभावाने विचारलं, “कपाटात कोण आहे?”

काका उठून टीव्हीजवळ गेले, वाकले. “हे माझं घड्याळ आहे,” ते म्हणाले. “आणि हे कपाट आपल्याकडे कधी होतं?”

“राहू द्या हो,” काकू म्हणाली. “तीस वर्षांत पहिल्यांदा एका जागी गप्प उभे दिसलात.”