दूतावासातल्या माणसाला सुरक्षेतलं काय कळतं?

एक लांबलचक मजकूर पुन्हा फिरायला लागला आहे. त्याचा सारांश असा: राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हा गुप्तहेरच हवा. 2014 पूर्वी हे पद म्हणजे परराष्ट्र सेवेतल्या निवृत्तांची सोय होती. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्र यांना ते वडिलांच्या नावावर मिळालं. आयुष्यभर दूतावासात हस्तांदोलनं करत बसलेली ही मंडळी पाकिस्तानपुढे कायम नरम पडायची.

सर्वात सोपा मुद्दा आधी निकालात काढू. हे पद नोव्हेंबर 1998 मध्ये आलं. 2014 पर्यंत त्यावर चार जण बसले: ब्रजेश मिश्र, जे. एन. दीक्षित, एम. के. नारायणन आणि शिवशंकर मेनन. यातले नारायणन पोलिस सेवेतले, आयबी या देशांतर्गत गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख. जानेवारी 2005 पासून पाच वर्षं तेच सल्लागार होते. म्हणजे ‘2014 पर्यंत सगळे दूतावासवाले’ हे विधान यादीवर नजर टाकली तरी टिकत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने तेवढीही तसदी घेतलेली नाही.

आता वडिलांचं नाव. द्वारकाप्रसाद मिश्र मध्य प्रदेशचे काँग्रेसी मुख्यमंत्री होते, हे खरं. पण मुलाला पद दिलं ते भाजपच्या पंतप्रधानांनी. काँग्रेस नेत्याच्या पुण्याईवर वाजपेयींच्या दारी नोकरी मिळते, हे गणित मला तरी सुटत नाही. ब्रजेश मिश्र 1951 मध्ये परराष्ट्र सेवेत आले. पेकिंगमध्ये (म्हणजे बीजिंगमध्ये) प्रभारी राजदूत, मग इंडोनेशियात राजदूत, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत भारताचे कायम प्रतिनिधी आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे नामिबियाविषयक आयुक्त, असा त्यांचा प्रवास. 1991 मध्ये ते भाजपमध्ये गेले आणि पक्षाचं परराष्ट्र धोरणाचं काम पाहू लागले. मार्च 1998 मध्ये वाजपेयींनी त्यांना प्रधान सचिव केलं, तेव्हा त्यांचं वय 69 होतं. वशिला म्हणायचाच असेल तर तो वाजपेयींच्या विश्वासाचा होता. आणि या पदाला दुसरा कुठला वशिला चालतही नाही. त्याच्यामागे संसदेचा कायदा नाही. पंतप्रधान ज्याचं ऐकतो, त्याचंच इथे वजन.

हस्तांदोलनांबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मजकुरातली सगळी टवाळी त्यावरच उभी आहे. 1962 च्या युद्धानंतर भारत आणि चीन यांनी एकमेकांकडे राजदूत ठेवले नव्हते. पेकिंगमधला भारतीय दूतावास 1970 मध्ये मिश्र चालवत होते ते प्रभारी म्हणून. त्या वर्षीच्या 1 मे रोजी तिआनानमेनच्या सज्जावर परदेशी प्रतिनिधी रांगेत उभे असताना माओ त्यांच्यापाशी थांबले, हात हातात घेतला आणि आपण असं भांडत किती दिवस राहणार, पुन्हा मित्र व्हायला हवं, अशा अर्थाचं बोलले. मिश्रांनी ते दिल्लीला कळवलं. पण दिल्लीने सावधपणे घेतलं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत युनियनशी करार झाला, बांगलादेशचं युद्ध झालं आणि राजदूतांची पुन्हा नेमणूक व्हायला 1976 उजाडलं. त्या एका हस्तांदोलनाने काही साधलं नाही, असं कुणी म्हणू शकेल. पण समोरच्या राजवटीच्या मनात काय चाललं आहे, हे तिच्या राजधानीत राहून ओळखणं आणि ते न रंगवता कळवणं, हे सुरक्षेचंच काम आहे. हेर तेच चोरून करतो, मुत्सद्दी उघडपणे.

याच माणसाला 33 वर्षांनी, जून 2003 मध्ये, चीनबरोबरच्या सीमाप्रश्नासाठी भारताचा पहिला विशेष प्रतिनिधी नेमलं. समोर होते दाई बिंगुओ. तेव्हापासून ही बोलणी सुरक्षा सल्लागाराकडेच राहिली, मग तो कुठल्याही सेवेतला असो. डिसेंबर 2024 मध्ये पेकिंगला जाऊन वांग यी यांच्याशी विशेष प्रतिनिधींची 23 वी फेरी केली ती अजित डोवाल यांनी. ज्यांना हा मजकूर ‘खरा गुप्तहेर’ म्हणून डोक्यावर घेतो, तेही त्या दिवशी मुत्सद्द्याचंच काम करत होते.

कारगिलचं उदाहरणही पाहा. घुसखोरी वेळेत कळली नाही, हे अपयश दूतावासांचं नव्हतं. त्यानंतर सैन्याने डोंगर परत मिळवले, आणि त्याच वेळी अमेरिकेने पाकिस्तानवर दबाव आणावा यासाठी राजनैतिक आघाडी लढवली गेली. जून 1999 मध्ये मिश्र वाजपेयींचं क्लिंटन यांना लिहिलेलं पत्र घेऊन जिनिव्हाला गेले आणि ते अमेरिकी सुरक्षा सल्लागार सँडी बर्गर यांच्या हाती दिलं. 4 जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफ यांनी सैन्य मागे घेण्याचं मान्य केलं. शिखरं जवानांनी जिंकली, यात वाद नाही. पण लढाई पसरू न देता जगाला आपल्या बाजूने उभं करणं आपोआप झालेलं नाही.

अण्वस्त्रांच्या बाबतीतही हेच. 4 जानेवारी 2003 ला सरकारने अण्वस्त्रांच्या नियंत्रणाची रचना जाहीर केली. वापराची परवानगी देण्याचा अधिकार फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेला, आणि तिचे आदेश अमलात आणणाऱ्या कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष सुरक्षा सल्लागार. तेव्हा त्या खुर्चीत परराष्ट्र सेवेतला माणूस होता. ‘निवृत्तांची सोय’ अशी असते का?

राहिला नरमपणा. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सुरक्षा सल्लागार होते नारायणन, म्हणजे आयबीचे माजी प्रमुख. परराष्ट्र सचिव होते मेनन. आपण त्या वेळी तात्काळ आणि दिसेल अशा लष्करी प्रत्युत्तराच्या बाजूने होतो, हे मेनन यांनी पुढे स्वतः लिहिलं आहे. (संयम राखण्याचा सरकारचा निर्णय योग्य होता, हेही त्यांनी लिहिलं.) त्यावरून आयबीवाले बोटचेपे आणि मुत्सद्दी आक्रमक, असा उलटा मजकूर मी फिरवणार नाही. कोण किती कडक, हे सेवेच्या नावावरून ठरत नाही, इतकंच.

मुत्सद्दी चुकत नाहीत, असंही नाही. दीक्षित कोलंबोत उच्चायुक्त असताना जुलै 1987 चा भारत-श्रीलंका करार झाला. त्यामागोमाग गेलेल्या शांतिसेनेचे सुमारे 1200 जवान परतले नाहीत. जानेवारी 1980 मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याबद्दल संयुक्त राष्ट्रांत भारताने जी मवाळ भूमिका मांडली, ती वाचून दाखवणारे मिश्रच होते. आदेश दिल्लीचा होता, आवाज त्यांचा. मजकूर लिहिणाऱ्याला टीकाच करायची होती, तर हे प्रसंग समोर होते.

मिश्रांच्या कारकिर्दीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप तर त्या मजकुरात आलेलाच नाही. प्रधान सचिव आणि सुरक्षा सल्लागार ही दोन्ही पदं त्यांनी एकाच वेळी सांभाळली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने सुरक्षा सल्लागार पूर्णवेळ असावा, अशी स्पष्ट शिफारस केली. तिचा अहवाल फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेपुढे आला. वाजपेयींनी ती मानली नाही. मे 2004 मध्ये सरकार जाईपर्यंत दोन्ही खुर्च्या मिश्रांकडेच होत्या.