वीकली क्विझची उत्तरं ग्रुपवर टाकू नका रे पोरांनो

बुधवारी रात्री दहा-साडेदहा झाले की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज पडतोच, "वीक 5 ची आन्सर्स आहेत का कुणाकडे, अर्जंट". पाच मिनिटांत कुणीतरी 1-बी, 2-सी, 3-ए अशी यादी टाकतं, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि आठवडाभराचा अभ्यास तिथेच संपतो. मी इंजिनिअरिंगला शिकवते, एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन) कोर्सेसना मुलांची मेंटॉर पण आहे, आणि हे बघून खरंच जीव तुटतो.

अरे, त्या यादीने मिळतं काय ते तरी बघा. सगळ्या असाइनमेंट, म्हणजे याच वीकली क्विझ, मिळून 25 मार्क, सेंटरवर जाऊन द्यायची परीक्षा 75 ची, आणि सर्टिफिकेटला दोन्हीकडे पास व्हावं लागतं, म्हणजे 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30. इकडे 25 पैकी 25 आणि तिकडे 28 आले तर बेरीज 53 होते पण सर्टिफिकेट नाही, परीक्षेची फी पण गेली. आणि मार्क जायची एवढी भीती कशाला, 12 आठवड्यांच्या कोर्सला बेस्ट 8 असाइनमेंटच धरतात. चार आठवडे वाईट गेले तरी चालतील ही सूट आधीच दिलीय, मग स्वतःच्या डोक्याने चुकायला काय हरकत आहे?

चुकण्यातच तर खरी मजा आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रेंज(1, 10, 3) लिहिलं, म्हणजे 1 पासून 10 कडे तीन-तीनच्या उडीने, तर कोणते आकडे येतील? निम्मा वर्ग 1, 4, 7, 10 वर टिक करतो. उत्तर 1, 4, 7, कारण शेवटचा आकडा धरतच नाहीत. व्हिडिओत सरांनी हे सांगितलेलं असतं, मुलं मान पण डोलावतात, पण ते डोक्यात बसतं ते एकदा 10 वर टिक करून मार्क गेल्यावरच. यादीतून सी टिक करणाऱ्याला तो 10 कधी भेटतच नाही.

हे माझंच मत आहे असं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोग केला होता, काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 56 टक्के आठवलं आणि नुसतं वाचणाऱ्यांना 42.

पण सगळा दोष पोरांच्या माथी मारणं मला पटत नाही. 2021 पासून यूजीसीने स्वयमच्या (सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल, एनपीटीईएलचे कोर्स त्यावरच असतात) कोर्सेसना सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिटची मुभा दिली ती चांगलीच गोष्ट आहे, पण काही ठिकाणी एकेका मुलाला तीन-तीन कोर्स कंपल्सरी करतात, वर प्रॅक्टिकल, सबमिशन, कुणी संध्याकाळी काम करतं, मग तो पोरगा बुधवारी रात्री दुसरं करणार तरी काय? एकच कोर्स द्या, आणि टाइमटेबलमध्ये त्याला एक तास द्या, लॅब उघडी ठेवा. डेडलाइननंतर सोल्युशन येतं तेव्हा कुणाचं काय चुकलं आणि का, यावर शिक्षकांनी वर्गात अर्धा तास बसावं. मी या सेमिस्टरपासून गुरुवारचं शेवटचं लेक्चर त्यालाच ठेवलंय, दुसऱ्या ब्रांचची मुलं आली तरी चालतील.